थेंब पडतो कुठे, गळते कुठे?

१९७४ सालच्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या मामीने शिवडीच्या चाळीपुढच्या फरशीवर ठिपक्यांची मोठी रांगोळी घातली. घालताना अंधार होता, आणि आकाशकंदिलाच्या उजेडात फरशी काही तिला नीट दिसली नाही. उजाडल्यावर पाहते तो रांगोळीच्या मधोमध बशीएवढा पिवळसर, चिकट डाग! आदल्या रात्री मामांची जीप तिथे उभी होती. मामीने मामांकडे पाहिले, मामांनी जीपकडे पाहिले. "थोडेसे तेल गळतेय. सील बदलले की झाले," असे पुटपुटत मामा अभ्यंगस्नानाला निघून गेले.

वाचकहो, ते 'थोडेसे' पुढे साडेचार महिने चालले. त्याने दोन सील खाल्ले, मामांचा खिसा हलका केला, आणि एकदा तर आम्हां सहा माणसांच्या जिवाशी गाठ आणली. गाडीखाली पडणाऱ्या तेलाच्या थेंबाकडे आपण चाळीतल्या गळक्या नळाइतकेही लक्ष देत नाही. मी मात्र त्या वर्षापासून देतो. का, ते सांगतो.

मामा लहानसहान बांधकामाची कंत्राटे घेत. लिलावात मिळालेली एक जुनी जीप त्यांनी त्यासाठी ठेवली होती. त्या काळी जीप म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे तहसीलदार, बीडीओ नाही तर निवडणुकीतले उमेदवार येत. चाळीतल्या माणसाकडे जीप म्हणजे नवलच. पण एका अर्थी ती शिवडीची शेजारीण होती. शिवडीहून हार्बरच्या गाडीत बसले की कॉटन ग्रीन, रे रोड आणि तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड. तेच माझगाव. १९४५ साली लुधियानात महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ साली गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. त्याच सुमारास, म्हणजे त्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेहून पेट्यांतून आलेले सुटे भाग माझगावात जोडून विलीज जीप बाहेर पडू लागली. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या होत्या. लढाई संपली आणि ती गाडी शेतात, घाटात आणि सरकारी कचेऱ्यांत कामाला लागली.

तिचे वैशिष्ट्य असे की इंजिनाची ताकद चारी चाकांना देता येते. साध्या मोटारीत ती गिअरबॉक्समधून दोनच चाकांकडे जाते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या पाठीला आणखी एक बिडाचे खोके चिकटवलेले असते. त्याचे नाव ट्रान्स्फर केस. एकत्र कुटुंबात पगार एका हाती यावा आणि त्याने तो पुढच्या-मागच्या दोन बिऱ्हाडांना वाटून द्यावा, तसे या खोक्याचे काम. त्यातून एक दांडा पुढच्या चाकांकडे जातो, दुसरा मागच्या. चालकाजवळ गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असतात. एकीने पुढची चाके कामाला लावायची किंवा सोडवायची. दुसरीने गाडीचा वेग कमी करून ओढ दोन-अडीच पटींनी वाढवायची. शिवडीच्या खाडीतल्या चिखलात, जिथे आता थंडीत रोहित पक्षी उतरतात, तिथे जीप रुतली तर दोन चाकांची गाडी जागच्या जागी चाके फिरवीत बसेल. चार चाकांची बहुधा निघेल.

या खोक्यात दीड लिटरच्या आसपास दाट तेल असते आणि आतली दंतचक्रे त्यात बुडून फिरतात. खोक्यातून दांडे बाहेर येतात, म्हणजे खोक्याला भोके आली. भोके आली म्हणजे तेल अडवणारे सील आले. सील म्हणजे पत्र्याच्या कड्यात बसवलेला रबराचा ओठ. तो दांड्याला चिकटून राहावा म्हणून मागे बारीक गोल स्प्रिंग असते. फार जुन्या गाड्यांत रबराच्या जागी चामडे असे.

आता यातली खरी गोम. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या पाठीमागून जो दांडा मागच्या चाकांकडे जातो, त्याच्या तोंडाशीच एक लहानसा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे पट्टे त्यात आतून दाबतात. म्हणजे मागचे सील गळू लागले की तेल आधी जमिनीवर पडत नाही, ते ड्रममध्ये शिरते. फरशीवर थेंब दिसतो तेव्हा पट्टे कधीच तेल पिऊन बसलेले असतात.

हे आम्हांला कशेडी घाटात कळले.

दिवाळीनंतर मामांनी एका गॅरेजात जीप नेली. त्यांनी खाली डोकावून "मागचे सील गेले" असे सांगितले, सील बदलले आणि पैसे घेतले. पंधरा दिवसांत पुन्हा थेंब. पुन्हा सील. पुन्हा थेंब. मामा कंटाळले आणि जीपखाली एक जुने तसराळे ठेवू लागले. मार्चमध्ये शिमगा आला. खेड तालुक्यातल्या गावी पालखी नाचवायला जायचे म्हणून आजी, मामा, मामी, मामेभाऊ, मामेबहीण आणि मी असे सहा जण निघालो. पोलादपूर मागे टाकले, घाट सुरू झाला, आणि अर्ध्या चढावर रेडिएटर उकळला. इंजीन तापले की एकदम बंद करू नये, थोडे चालू ठेवून थंड होऊ द्यावे, म्हणून मामांनी गिअर मोकळा केला, हँडब्रेक ओढला आणि पाण्याचा डबा घेऊन ते खाली उतरले. मामेभाऊही उतरला. आम्ही चौघे आत.

आधी मला वाटले, शेजारचे झाडच पुढे सरकते आहे. मग मामी किंचाळली. जीप मागे चालली होती. मी पुढच्या सीटवर होतो. चौदा वर्षांच्या मुलाला सुचेल ते मी केले. हँडब्रेक दोन्ही हातांनी आणखी ओढला. तो ओढला गेला, पण धरले काहीच नाही. तेलाने माखलेल्या हातांनी मासा धरावा तसे. मामेभावाने कडेचा एक धोंडा उचलून मागच्या चाकाखाली लोटला. चाक त्यावर अर्धे चढले, आणि थांबले. तेवढ्यात मामा उडी मारून आत आले आणि पायब्रेकवर उभेच राहिले. मागे रस्त्याची कड किती राहिली होती ते कोणी मोजले नाही. आजी मात्र पुढच्या सबंध प्रवासात एक शब्द बोलली नाही, आणि परत येताना तिने एस.टी.ने यायचा हट्ट धरला. आम्ही येताना जीपमध्ये दोन मोठे धोंडे घालून आणले.

शिवडी स्टेशनच्या पूर्वेला, गोदीकडच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री ट्रक दुरुस्त करीत. लढाईच्या दिवसांत लष्करी गाड्यांवर त्यांनी हात बसवला होता. मामा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, मागचे सील बदलायचे आहे. या खेपेला चांगले अस्सल घाला."

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. म्हणाले, "शेठ, सील बदलायला मी बसलोच आहे. पण दोनदा बदलले ते का गेले, ते आधी सांगा."

मामांना सांगता येईना. "मग आज गाडी राहू द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी जीप सपाट जागी लावली, चारी चाकांना विटा लावल्या आणि खाली वर्तमानपत्रे पसरून चाकांच्या जागा खडूने आखल्या. (विटांचे कारण त्यांनी मला मुद्दाम सांगितले. हा हँडब्रेक दांड्याला धरतो, म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते हवेत मोकळे फिरते आणि चांगला ब्रेक असला तरी गाडी सुटू शकते. जॅक लावून जीपखाली जाणाऱ्याने हे विसरू नये.) दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेआधी धावत गेलो. कागदावर तीन ठिकाणी डाग होते. मिस्त्रींनी एकेका डागाला बोट लावले, दोन बोटांत चोळले आणि वास घेतला.

"पुढचा हा काळा, पातळ, कागदात पसरलेला. हे इंजिनाचे ऑईल. थोडेच आहे, म्हाताऱ्या इंजिनाला चालायचेच. मागचे हे दोन बघ. पिवळे, दाट, पसरत नाहीत, आणि वास?"

मी वास घेतला. फटाक्यांच्या दारूसारखा, गंधकाचा उग्र वास.

"गिअरचे ऑईल. म्हणजे गिअरबॉक्स नाही तर ट्रान्स्फर. पण बाळ, थेंब पडतो ती जागा आणि गळते ती जागा वेगळी. तेल उताराने येते, गाडी धावली की वाऱ्याने मागे जाते, आणि सगळ्यात खालच्या बोल्टावरून टपकते. त्या बिचाऱ्या बोल्टाचा काय दोष?"

मग सबंध दुपारभर त्यांनी आणि त्यांच्या पोऱ्याने जीपचे पोट रॉकेलने धुतले, गिरणीतले कॉटन वेस्ट घेऊन पुसून कोरडे केले. हे काम कोणालाच आवडत नाही, पण गळती शोधण्यातले निम्मे यश त्यातच असते. चार वर्षांच्या चिखलाखाली काय ओले आहे, हे देवालाही सांगता यायचे नाही. धुऊन झाल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "घरात अंगाला लावायची पावडर आहे?"

मामीने नुकताच नवा डबा आणला होता. मी न विचारताच तो पळवला. मिस्त्रींनी ती पावडर गिअरबॉक्सच्या, ट्रान्स्फर केसच्या अंगाला, प्रत्येक सांध्याला अशी काही फासली की ते काळे खोके नवऱ्या मुलीसारखे गोरे दिसू लागले. मग मामांना म्हणाले, "वडाळ्यापर्यंत जाऊन या. रमतगमत नको. गाडी तापली पाहिजे."

परत आल्यावर मिस्त्री हातबत्ती घेऊन खाली सरकले आणि मलाही बोलावले. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट काळ्या रेघेसारखी स्पष्ट दिसत होती. गिअरबॉक्स कोरडा होता. ट्रान्स्फरच्या तळाचा पत्रा ओला होता, पण त्यावरचे ओघळ वरून आलेले होते. म्हणजे पत्र्याचे पॅकिंग सुटले. मागच्या दांड्याच्या तोंडाशी ओले कडे होते, आणि त्याच्या वर गाडीच्या तळाला तेलाच्या शिंतोड्यांचा पट्टा. जोरात फिरणारा दांडा तेल भोवऱ्यासारखे चौफेर उडवतो, त्याची ती खूण. मामा विजयी मुद्रेने म्हणाले, "पाहा! मागचे सीलच."

"थांबा शेठ. हे पुढच्या दांड्याचे तोंडही ओले. आणि ह्या दोन छोट्या दांड्या जिथे आत शिरतात, तिथेही पाझर. चाळीत एक नळ गळाला तर वायसर गेला म्हणावे. सगळे नळ एकदम गळायला लागले तर कुठे बघाल?"

"गच्चीवरच्या टाकीत," मी म्हणालो.

मिस्त्री हसले. त्यांनी पाना घेतला आणि खोक्याच्या बाजूला तेल भरायचे जे बूच असते, ते हळूहळू सैल केले. शेवटच्या आट्याला आतून आवाज आला, फुस्स्! प्रेशर कुकरचे वजन उचलावे तसा. मामांचे तोंड उघडेच राहिले.

खोक्यात तेलाच्या वर हवा असते. गाडी चालली की तेल तापते, हवा फुगते. तिला बाहेर पडायला खोक्याच्या वरच्या अंगाला एक चिमुकले तोंड ठेवलेले असते, ब्रीदर म्हणतात ते. ते बुजले तर हवा कोंडते. तीस अंशांची कोंडलेली हवा ऐंशी अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. आकडा लहान वाटतो, पण रबराच्या ओठातून तेल रेटून बाहेर काढायला तो पुरतो. नवे सील घाला, अस्सल घाला, सोन्याचे घाला, आतून रेटणारा तसाच आहे.

मिस्त्रींनी वरून बोट फिरवले. ब्रीदरवर डांबरासारखा काळा, कडक लेप. मामांना आठवले. गणपतीच्या आधी त्यांनी जीप नवी रंगवून घेतली होती. रंगाऱ्याने हौसेने खालच्या अंगालाही गंज चढू नये म्हणून जाड काळा थर दिला होता. दिवाळीला पहिला डाग पडला तो त्या रंगाचा. ज्या सीलांना आम्ही साडेचार महिने शिव्या दिल्या ती निर्दोष होती.

अर्थात तेवढ्यावर सुटका नव्हती. ब्रीदर टोकरून, रॉकेलने धुऊन मोकळा केला. पण दाबाने आणि धुळीने मागच्या सीलाचा ओठ फाटला होता. सील जिथे टेकते त्या गुळगुळीत योकवरून मिस्त्रींनी माझे नख फिरवून दाखवले. नख एका चरात अडकले. इतकी वर्षे एकाच जागी घासून पोलादाला चर पडला होता. अशा चरावर नवे सील घालणे म्हणजे फुटक्या रांजणाला नवे झाकण. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून बऱ्या स्थितीतला योक आणला. मग दांडा धरून वरखाली हलवून पाहिला. बेअरिंग झिजली असती तर दांडा डुलला असता, आणि डुलणाऱ्या दांड्याला कोणतेही सील पुरत नाही. ती ठीक निघाली. हँडब्रेकचे पट्टे मामा पेट्रोलने धुऊन वापरू म्हणत होते. मिस्त्रींनी साफ नकार दिला. तेल प्यायलेला पट्टा वरून कोरडा दिसतो आणि गरम झाला की आतले तेल पुन्हा ओकतो. "शेठ, घाटात पोरे होती ना आत?" एवढेच ते म्हणाले. मामांनी नवे पट्टे आणले.

पुढे सुटीत मी त्या शेडमध्ये नेहमी जाऊन बसत असे. तिथे ऐकलेल्या चार गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. तेल कमी झाले की काय हे पाहायचे तर गाडी सपाटीवर हवी. बूच काढून करंगळी आत घातली की तेल भोकाच्या काठाशी लागले पाहिजे. काठाच्या वर भरणारे हौशी लोक असतात. त्यांची गाडी गळते, आणि दोष सीलाला जातो. काही जीपगाड्यांत गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर यांच्यामध्ये तेलाची वाट मुद्दाम ठेवलेली असते, काहींत ती बंद असते. त्यामुळे एकात तेल घटले आणि बाहेर थेंबही नाही, तर शेजारच्या खोक्याचे बूच उघडून पाहावे. तेल माहेरी गेलेले असते! खोक्याच्या आत मधल्या चक्राचा एक आखूड दांडा बिडात नुसता ठोकून बसवलेला असतो. तो बसतो ते भोक झिजले की तिथून मंद पाझर सुटतो, आणि पाहणारा तो मागच्या सीलाचाच समजतो. पावडरीशिवाय हे दोन ओळखणे कठीण. आणि जिथून तेल बाहेर येते तिथून पाणी आत जाते. नदीनाल्यातून गाडी काढल्यावर बूच उघडले आणि आत दुधाच्या चहासारखे काही दिसले, तर त्याच दिवशी तेल बदलावे. एक पावसाळा तसाच काढला तर बेअरिंगे गंजून बसतात, आणि मग खर्च पॅकिंगचा राहत नाही.

हल्लीच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे हँडब्रेक मागच्या चाकांवर असतात, काहींचे तर बटणावर चालतात. तेव्हा कशेडीतला तो प्रसंग नव्या गाडीत जसाच्या तसा घडायचा नाही. पण ट्रान्स्फर केस आहे, त्यात तेल आहे, आणि त्याला श्वास घ्यायला तोंड आहे. मोठ्या गॅरेजांत आता तेलात एक रंग मिसळतात आणि निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या बत्तीने चमकणारी रेघ शोधतात. मामीच्या पावडरीचेच ते पणतवंड. तुमच्या गाडीखाली डाग दिसला आणि कोणी न धुता, न तपासता "सील गेले" म्हणाला, तर त्याला ब्रीदर पाहिला का, एवढे जरूर विचारा. आणि पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप देणार असाल, तर लेप देणाऱ्याच्या शेजारी उभे राहा.

शिवडीही आता बदलली. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू तिथूनच खाडीवर झेप घेतो आणि मोटारी काही मिनिटांत उरणच्या बाजूला उतरतात. मिस्त्रींचे शेड कधीच गेले. मामांची जीप त्याआधीच गावच्या एका आंबेवाल्याने नेली.

१९७५च्या दिवाळीत मामीने रांगोळी घातली ती जीप जिथे उभी असायची त्याच फरशीवर, मुद्दाम. आणि पहाटे उठून मामांनी आधी तिथे कंदील धरून पाहिले. पावडरीचा डबा मिस्त्रींच्या शेडमध्येच राहिला होता. त्या पाडव्याला मामांनी मामीला ओवाळणीत दुसरे काही न घालता नवा डबा घातला, तेव्हा ती बराच वेळ रुसली होती.